चंचीतला अडकित्ता

अडकित्ता म्हणजे काय, हे आता पोरांना समजावून सांगावं लागतं. सुपारी कातरायचं हत्यार, एवढं सांगून भागत नाही. कारण सुपारी कातरतात हेच त्यांनी पाहिलेलं नाही. पुडी फाडायची आणि तोंडात रिकामी करायची, एवढीच सुपारी त्यांच्या ओळखीची. शब्द आपल्याकडं कानडीतून आला. कानडीत सुपारीला अडिके म्हणतात आणि कातरीला कत्तरी. आमच्या पाथर्डी-शेवगावच्या कोरड्या मुलखात सुपारीचं झाड कुणी डोळ्यांनी पाहिलेलं नव्हतं, पण अडकित्ता नाही असं घरही नव्हतं.

साहेबलोकांच्या खिशात मिटायचा चाकू असतो, तसा आमच्या माणसांच्या कमरेला हा असायचा. खिसा नव्हता, चंची होती. चंची म्हणजे कापडाची, कप्प्याकप्प्यांची पिशवी. गुंडाळून दोरी बांधली की मुठीत मावते. एका कप्प्यात पानं, एकात सुपारी, एकात कात, चुन्याची डबी, तंबाखू आणि सगळ्यांच्या मधे मिटलेला अडकित्ता. माझे आजोबा चंची सोडायला बसले की घाईचं काम असलं तरी थांबायचं. पान पुसायचं, देठ खुडायचं, चुन्याचं बोट फिरवायचं आणि मग कट्ट-कट्ट असा आवाज. त्या आवाजावरून सुपारी चिकणी आहे का भरड, हे पलीकडच्या ओट्यावरचा म्हातारा सांगायचा.

या हत्याराला गावात इज्जत होती. लग्न ठरलं की 'सुपारी फुटली' म्हणायचे. ही नुसती बोली नव्हे. दोन्हीकडचे पाच-पाच लोक बसले, देणंघेणं तोंडी ठरलं की पंचांतला एखादा वडीलधारा खरोखर अडकित्ता काढून सुपारी फोडायचा आणि खांडं वाटायचा. खांड तोंडात गेलं म्हणजे शब्द पक्का. नंतर फिरायचं नाही. बाळंतिणीच्या उशाखाली विळा नाहीतर अडकित्ता ठेवायचे, लोखंड जवळ असावं म्हणून. दोन्हीकडून कोंडी झालेल्या माणसाला आम्ही अजूनही अडकित्त्यात सापडला म्हणतो. सुनेच्या आणि आईच्या मधे सापडलेल्या नवऱ्याला ही म्हण न सांगता कळते.

जुन्या गोष्टी सांगताना माणूस गोडगोड तेवढं सांगतो, म्हणून हेही सांगतो. चंची सगळ्यांसमोर सुटायची, पण सगळ्यांच्या हातात जायची नाही. चावडीवर काही माणसं खालच्या पायरीला बसायची. त्यांना पान द्यायचं झालं तर वरून टाकायचे आणि सुपारीचं खांड दुरून ओंजळीत सोडायचे. अडकित्ता त्यांच्या हाती देत नसत. मी लहानपणी हे पाहिलंय. त्यावेळी ते पावसासारखं वाटायचं, म्हणजे असतंच असं.

अडकित्ते दोन जातींचे. एक साधा, सगळा लोखंडी. दुसरा पितळेचा, नक्षीचा; पातं तेवढं लोखंडी. पितळेचे गावात होत नसत. ते शहरातून, बाजारातून, लेकीच्या रुखवतातून यायचे. गुजरातेतलं जामनगर त्यासाठी नावाजलेलं. तिकडं अडकित्त्याला सुडी म्हणतात. मोर, पोपट, घोडा, नवराबायको असे आकार. काहींना घुंगरं, ती सुपारी कातरताना वाजायची.

लोखंडी अडकित्ता मात्र घिसाड्याचा. गावात बलुतेदार लोहार होता. १९१५ साली छापलेल्या त्रिंबक नारायण आत्र्यांच्या 'गावगाडा' या पुस्तकात हा सगळा बलुत्याचा हिशेब मांडलेला आहे. पण लोहाराचा हात फाळ आणि धाव यांत अडकलेला. बारीकसारीक वस्तू घिसाडी करायचे. हे फिरस्ते लोक. सुगी झाली की त्यांच्या गाड्या यायच्या, पिंपळाखाली पालं पडायची. जमिनीत खड्डा घेऊन आगटी करायची, ऐरण रोवायची, भात्यावर पोर बसायचं. पुरुष सांडशीत लोखंड धरायचा आणि घण मारायची बाई. डोक्यावर पदर, कधी पाळण्यात तान्हं, आणि हातात आठ-दहा शेराचा घण. गावातल्या पैलवानकी करणाऱ्या पोरांनी तो घण उचलून बघावा आणि गुपचूप खाली ठेवावा, असा प्रकार.

अडकित्त्याचं काम मी तासन् तास बसून पाहिलंय, म्हणून सांगतो. वरच्या दांडीला पातं असतं आणि खालच्या दांडीला सुपारीची बैठक. साध्या लोखंडाला धार टिकत नाही, म्हणून पात्याच्या कडेला पोलाद लागतं. दोन्ही लाल करून, ठोकून एकजीव करायचे. मग धारेला पाणी द्यायचं. जास्त पाणी बसलं तर धार काचेसारखी खपलते, कमी बसलं तर सुपारीवर दुमडते. ते ओळखायचं कशावरून? रंगावरून. तापलेलं पातं निवताना त्यावर पिवळा, तांबूस, निळा असे रंग सरकतात. नेमक्या रंगाला ते पाण्यात जायला पाहिजे. म्हणून घिसाडी हे काम उन्हात करत नसत. दिवस कलल्यावर, सावलीला.

आणि शेवटी खिळा. दोन दांड्या जोडणारा तो एक खिळा म्हणजे अडकित्त्याचा जीव. घट्ट झाला तर म्हातारीच्या हाताला उघडत नाही. सैल झाला तर पातं आडवं हलतं आणि सुपारी कातरायच्या ऐवजी उडते. आम्हाला शाळेत विज्ञानाच्या पुस्तकात तरफेचा दुसरा प्रकार होता, त्यात अडकित्त्याचं उदाहरण दिलेलं: टेकू एका टोकाला, भार मधे, बल दुसऱ्या टोकाला. दहावीपर्यंतच्या सगळ्या पुस्तकांत आमच्या घरातलं एवढंच एक हत्यार भेटलं, म्हणून ते पक्कं लक्षात राहिलं. सुपारी खिळ्याच्या जितकी जवळ, तितका जोर कमी लागतो. पण फार जवळ सरकवली तर पातं पुरतं उघडत नाही. बैठक नेमकी कुठं घ्यायची हे घिसाडी सुपारी हातात धरून ठरवायचा. मोजपट्टी त्याच्याकडं नव्हतीच.

आता जे लोक या वस्तू जमवतात त्यांच्याकडं वळतो. त्यांची चेष्टा करणारे पुष्कळ आहेत, मी त्यातला नाही. पुण्याचे दिनकर गंगाधर केळकर यांचा चष्म्याचा धंदा होता आणि ते 'अज्ञातवासी' नावानं कविता करायचे. १९२० च्या सुमारापासून त्यांनी दिवे, दौती, कुलपं, अडकित्ते अशा घरगुती वस्तू जमवायला सुरुवात केली. राजे-महाराजांच्या तलवारी जमवणारे तेव्हाही होते. बायकांच्या मुदपाकखान्यातली वस्तू जपून ठेवावी असं वाटणारा माणूस विरळा. लहानपणी वारलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावानं त्यांनी संग्रहालय केलं आणि १९७५ साली ते सरकारच्या हवाली केलं. तिथली अडकित्त्यांची कपाटं मी पाहिली आहेत. बायकोला बाहेर बाकावर बसवून मी दीड तास आत होतो, हे तिनं घरी आल्यावर बरेच दिवस ऐकवलं. एकासारखा दुसरा नाही. केळकरांनी ते उचलले नसते तर सगळे भट्टीत जाऊन त्यांच्या तोट्या-बिजागऱ्या झाल्या असत्या.

परदेशातही हे वेड गेलंय. सॅम्युअल आयलेनबर्ग नावाचा गणिताचा मोठा प्राध्यापक, जन्मानं पोलंडचा, न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात शिकवायचा. १९५० च्या दशकात तो मुंबईला आला आणि तेव्हापासून त्याला हिंदुस्थानातल्या जुन्या मूर्ती जमवायचा नाद लागला. पुढं अडकित्तेही जमवले. त्याच्या अडकित्त्यांवर हेन्री ब्राउनरिग या माणसानं इंग्रजीत अख्खं चित्रांचं पुस्तक केलंय. ज्या हत्यारानं आमची म्हातारी माणसं सुपारी कातरत होती, ते काळ्या कापडावर ठेवून, दिवे लावून काढलेल्या फोटोत नवरदेवासारखं दिसतं.

पण असल्या पुस्तकांत काय किंवा काचेच्या कपाटाखालच्या पाट्यांवर काय, मला एक गोष्ट सारखी दिसत आली. धातू लिहिलेला असतो, मुलूख लिहिलेला असतो, शतक लिहिलेलं असतं. केलं कुणी, ते नसतं. यात जमवणाऱ्याचा दोष नाही. नाव लिहिलेलंच नव्हतं, तर ते तरी कुठून आणणार?

मग नाव लिहायची रीतच आपल्याकडं नव्हती का? होती की. आमच्या नगरातच होती. विजापूरच्या बुरुजावर मलिक-ए-मैदान तोफ आहे, ती १५४९ साली नगरात ओतली, बुऱ्हाण निजामशहाच्या काळात. पंचावन्न टनांच्या घरातलं ते धूड. तोंडाशी जबडा वासलेला सिंह कोरलाय आणि त्याच्या दाढेत हत्ती. नगरहून ती परांड्याच्या किल्ल्यात गेली आणि तिथून १६३२ साली विजापूरला. त्या तोफेवर निजामशहाचं नाव आहे आणि ओतणाऱ्या रूमीचंही नाव आहे. तो तुर्कस्तानाकडचा, म्हणून रूमी. पावणेपाचशे वर्षं झाली, कारागिराचं नाव शाबूत. गंमत अशी की १८५४ साली इंग्रजांनी हीच तोफ लिलावात काढली, तर बोली आली दीडशे रुपये. भंगाराचाच भाव म्हणायचा. नंतर तो लिलाव रद्द केला म्हणून ती आज बघायला मिळते. म्हणजे माणसं मारायचं हत्यार केलं तर नाव कोरायला मिळतं आणि सुपारी कातरायचं केलं तर मिळत नाही, असा काहीतरी हिशेब दिसतो.

बरं, सगळ्या जगाचाही असाच हिशेब म्हणावं तर तसं नाही. फ्रान्सच्या डोंगराळ साव्हुआ भागात जोसेफ ओपिनेल या लोहाराच्या पोरानं १८९० साली शेतकऱ्यांसाठी लाकडी मुठीचा मिटायचा साधा चाकू केला. भाकरी कापायला, फांदी छाटायला. त्यावर आजही ओपिनेल हे नाव आणि मुकुट घातलेल्या पंजाचा शिक्का असतो. सव्वाशे वर्षांवर तो चाकू चाललाय. आपल्याकडं चाकूला नाव मिळालं ते गावाचं, रामपूरचं; आणि तेही सिनेमातल्या गुंडांमुळं. रामपूरला आता चौकात वीस फुटांचा चाकू उभा केलाय, २०२३ साली. पण त्या गावातले चाकू करणारे किती उरले, हे त्या चौकात कळत नाही.

आमच्या घरातला अडकित्ता पितळेचा, मोराचा. आजीच्या माहेरचा; माहेर गोदाकाठचं. मोराच्या तुऱ्याला पूर्वी तीन घुंगरं होती, मला आठवतं तेव्हापासून एकच आहे. बहात्तरच्या दुष्काळात मी बारा वर्षांचा होतो. आई-वडील, आजी सगळे खडी फोडायला. खायला मिलो आणि सुकडी. त्या दोन वर्षांत घरातले पितळी हंडे, तांब्याचं घंगाळ, समया, एकेक करून मोडीत गेलं. तागडीत सगळ्याचा भाव एकच, किलोवर. समईवर कुणी किती दिवस घालवले ते तागडीला कळत नाही. अडकित्ताही एकदा तागडीपर्यंत गेला आणि आजीनं तो परत उचलला. तिचं म्हणणं असं, की पोटात काही नसलं तरी सुपारीचं खांड गालात धरलं की तासभर निघतो. हंड्यानं तास निघत नाही.

दुष्काळ सरला त्याच्या दुसऱ्या का तिसऱ्या वर्षी त्याचं पातं बदललं. धार लावून लावून ते नखाएवढं उरलं होतं. गावाबाहेर घिसाड्यांची पालं पडली होती, तिथं मी आजीबरोबर गेलो. त्या माणसानं मालमोटारीच्या कमानपाट्याचा तुकडा घेतला. कमानपाट्याचं पोलाद कसदार, ही त्या लोकांची नवी पारख. त्यांच्या आज्या-पणज्यांच्या वेळी मोटारी कुठं होत्या? दीड दिवस लागला. जुनं पातं सोडवून नवं बसवलं, पितळेला चरा पडू दिला नाही. मोल दोन पायल्या बाजरी आणि जुनं पातं. त्याचं नाव आम्ही विचारलं नाही आणि त्यानं सांगितलं नाही.

त्यानंतर अडकित्त्याचे दिवसच फिरले. आधी दुकानात कातरलेली सुपारी मिळायला लागली, मग सुगंधी सुपारीच्या पुड्या, मग गुटखा. पुडीला अडकित्ता लागत नाही, चंची लागत नाही, समोर माणूसही लागत नाही. महाराष्ट्रात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली. ती किती पाळली जाते ते रस्त्याच्या कडेला बघावं. आता डॉक्टर सांगतात की नुसती सुपारीसुद्धा घातक. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगाच्या संस्थेनं २००४ सालीच तिला कर्करोग करणाऱ्या पदार्थांत घातलंय. ते खरं आहे आणि मी पोरांना तेच सांगतो. अडकित्ता घरात असला म्हणून सुपारी खायला पाहिजे असं नाही. तलवार असणारे कुठं लढाईला जातात?

सुपारी गेली आणि मग अडकित्त्याला भाव आला. जुन्या वस्तू घेणारे गावोगाव फिरायला लागले. कुणी किलोवर मागायचे, कुणी प्लॅस्टिकच्या खुर्च्या बदल्यात द्यायचे. शंभर वर्षांवरची कलेची वस्तू परवानगीवाचून देशाबाहेर नेता येत नाही असा कायदा त्याच बहात्तर सालचा आहे, पण ओट्यावर बसलेल्या म्हातारीला तो कुणी सांगत नाही.

काही वर्षांमागं माझ्या भाच्याच्या ओळखीनं पुण्याचे दोघे जण आले. ते दुकानदार नव्हते. खरे हौशी, वस्तूची कदर असलेले. हात धुऊन, रुमालावर ठेवून अडकित्ता बघितला. मोराची मान कशी वळवली आहे, पिसाऱ्यावरच्या रेघा ओतीव नाहीत, मागून हातानं कोरल्या आहेत, हे त्यांनी मला भिंगातून दाखवलं. साठ वर्षं घरात असून मी ते कधी बघितलं नव्हतं. आयलेनबर्गच्या पुस्तकाची चित्रं त्यांनीच मला मोबाईलवर दाखवली. दोन तास आम्ही बोलत बसलो, चहा दोनदा झाला. मग त्यातला एक जण पात्यावर बोट फिरवून हळहळला. म्हणाला, "काका, पातं मूळचं नाही हो. नंतर कुणीतरी बसवलंय. मूळचं असतं तर पंधरा हजार सांगितले असते. आता पाच."

त्याच्या हिशेबानं ते बरोबरच होतं. मी म्हणालो, "पातं मूळचं राहिलं असतं तर हा मोडीत गेला असता. ज्याला तुम्ही नंतरचं म्हणता ते पातं चाललं, म्हणून मोर घरात राहिला." ते हसले, पण त्यांना पटलं असावं. जाताना परत एकदा हातात घेऊन बघितला. विकायचा नाही हे मी आधीच सांगितलं होतं. धाकट्या पोराचं मत वेगळं पडलं. त्या वर्षी कांद्याला भाव नव्हता आणि ठिबकचे पाईप घ्यायचे होते. पाच हजारांत निम्मे आले असते. त्यावरून घरात दोन दिवस कुणी कुणाशी धड बोललं नाही. अजूनही विषय निघाला की तो उठून जातो.

त्यानंतरच्या फाल्गुनात मढीची यात्रा झाली. कानिफनाथाच्या त्या यात्रेला भटक्या जमातींचे लोक लांबलांबून येतात, गाढवांचा बाजार भरतो. यात्रा उलगल्यावर एक घिसाडी कुटुंब आमच्या फाट्यावर उतरलं. आता गाडी-बैल नाहीत, टेम्पो होता. भात्याच्या जागी विजेच्या मोटारीचा पंखा. पण ऐरण तीच आणि घण बाईच्याच हातात. मी खुरपी शेवटायला घेऊन गेलो, त्यांच्याबरोबर अडकित्ताही नेला. खिळा ढिला झाला होता.

बाईनं तो घेतला. साठीच्या पुढची असावी. मोराकडं तिनं बघितलंच नाही. दोन दांड्या उघडल्या, मिटल्या, कानाशी नेऊन पुन्हा मिटल्या. मग पात्याच्या पाठीवरून अंगठा फिरवला, अगदी खिळ्यापर्यंत.

"कमानपाट्याचं हाय," ती म्हणाली. "हितं पाठ जाड ठिवलीया बगा, म्हंजी खिळ्यापाशी तडकत न्हाई. आमच्याच मान्साचं काम हाय. मोर कुणाचा त्ये मला ठावं न्हाई."

तिनं नवऱ्याला हाक मारून पातं दाखवलं. दोघं त्यांच्या बोलीत काहीतरी बोलले, पोरगाही काम सोडून बघायला आला. तिघांनी ते पातं उन्हाकडं धरून बघितलं, जसं त्या पुण्याच्या दोघांनी मोराला भिंगाखाली धरून बघितलं होतं. मी किंमत विचारली नाही, त्यांनीही सांगितली नाही.

खिळ्याच्या डोक्यावर तिनं हातोडीचे तीन-चार हलके टोले दिले, तेलाचा थेंब सोडला आणि म्हणाली, "सुपारी आना. चालवून बगू."

घरात खायची सुपारी नव्हती. सत्यनारायणाच्या पूजेच्या उरलेल्या दोन होत्या, दगडासारख्या वाळलेल्या. त्यातली एक नातू पळत जाऊन घेऊन आला. बाईनं ती बैठकीवर ठेवली, जागा थोडी सरकवली आणि मूठ दाबली. कट्ट. दोन सारखी खांडं झाली. एक तिनं आपल्या गालात टाकलं, दुसरं माझ्या हातावर ठेवलं आणि खुरप्यांचे आणि खिळ्याचे मिळून ऐंशी रुपये झाले म्हणाली.